कुंपणाचा रेट विचारण्याआधी

गावच्या बागेला कुंपण घातलंय हे कळल्यापासून नातेवाईक, बिल्डिंगमधले कोकणवाले, आईच्या भिशीतल्या काकू, सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, रनिंग फुटाला, म्हणजे लांबीच्या दर फुटाला, काय पडलं? मी सांगते आकडा, लपवण्यासारखं काही नाही, पण त्या आकड्याचा समोरच्याला काडीचा उपयोग नसतो. त्याच रेटमध्ये एक जण खांब दोन फूट पुरून काँक्रीट भरून देतो आणि दुसरा वीतभर खड्ड्यात दगडमाती ठासून मोकळा होतो, आणि काम झालं त्या दिवशी रस्त्यावरून बघितलं तर दोन्ही कुंपणं डिट्टो सारखी दिसतात. फरक कळतो दुसऱ्या पावसाळ्यानंतर, तोवर ठेकेदाराचे पैसे देऊन झालेले असतात. माझं आता ठाम मत आहे की कुंपण टिकतं ते जमिनीखालच्या कामावर आणि कोपऱ्यांवर, जाळीचा विचार त्याच्या नंतर. म्हणून रेटच्या आधी काय काय विचारायचं ते एकदा नीट लिहून काढतेय.

आमची जमीन लांजा तालुक्यात. खाली पऱ्या म्हणजे ओढा, वर सडा म्हणजे कातळाचं पठार, मधल्या उतारावर हापूसची कलमं आणि काजू. खालच्या अंगाला माती बरी आहे, वर गेलात की निव्वळ कातळ. आम्ही राहतो डोंबिवलीत, गावात काका आहेत पण त्यांचं वय झालंय, त्यामुळे रोज उठून कोण गुरं हाकणार हा प्रश्न होताच. ज्यांची जमीन घाटावर आहे, काळ्या मातीत आहे, त्यांना यातलं काही वेगळं लागू पडेल, काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते त्यामुळे तिथे खांब हलण्याचं कारणच वेगळं असतं. मी आपलं कोकणातलं सांगते.

तार, जाळी सगळं राहू दे, आधी मोजणी. भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम करायची मोजणी मागायची, अर्ज आता ऑनलाइन ई-मोजणीवर होतो, लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, मोजणीवाले येऊन खुणा दाखवतात आणि नंतर ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, मिळते. याला वेळ जातो, चकरा माराव्या लागतात, पण “आजोबांच्या वेळेपासून गडगा इथेच आहे” या भरवशावर लाखाचं काम करू नका. गडगा, म्हणजे रचलेल्या दगडांची भिंत, बऱ्याचदा उताराला सोयीचा म्हणून घातलेला असतो, हद्दीवर असतोच असं नाही. मोजणीच्या दिवशी शेजारच्यांना मुद्दाम बोलवा, चहा करा, खुणेचे दगड त्यांच्या समोर रोवा आणि फोटो काढून ठेवा. आणि सातबारा उघडून बघा, कोकणात एकेका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं सहज असतात, सामाईक जमिनीत सगळ्यांशी न बोलता तुम्ही एकट्याने कुंपण घातलंत तर भांडण ठरलेलं, मग भले तुम्ही चुलत्याच्या भल्यासाठी घातलेलं असो.

वाटेचं पण तसंच. आमच्या बागेतून वरच्या वाडीतल्या लोकांची पाण्याकडे जायची जुनी पायवाट होती. नळ आल्यापासून फारसं कोणी जात नाही पण वाट ती वाटच, आम्ही तिथे माणूस जाईल एवढं छोटं फाटक ठेवलं आणि त्याला कुलूप नाही, नुसती कडी. वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली समोरचा तहसीलदारांकडे अर्ज करू शकतो, अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत करायचा असतो, आणि अडथळा काढायचा आदेश आला की तुम्ही गाडलेले खांब तुम्हीच उपटत बसणार. कायद्याचं सोडा, आपण वर्षातून चार वेळा जाणारी माणसं, वाडीतल्या लोकांना दुखवून कुंपण राखायला कोण येणारे तिथे.

आता कशाला अडवायचंय ते ठरवा, कारण एकच कुंपण सगळ्यांना अडवत नाही. मोकाट गुरं असतील तर पाच ओळी काटेरी तार पुरते. शेळ्या असतील तर नाही पुरत. रानडुक्कर वरून येतच नाही, ते खालून मुसंडी मारतं आणि माती सैल असेल तर उकरून जातं, म्हणून डुकरांसाठी जाळीच लागते आणि ती खाली फूटभर गाडलेली किंवा तळाशी जांभ्याचे चिरे लावून दाबलेली पाहिजे. गवा हा वेगळाच विषय, पूर्ण वाढलेला नर सातशे ते हजार किलोचा असतो, त्याने मनात आणलं तर काटेरी तारेचं काय आणि जाळीचं काय, छातीने रेटून पुढे जातो. आणि वानर-माकडांना कुठलंही साधं कुंपण अडवत नाही, जो ठेकेदार “माकडं पण नाय येणार” म्हणेल त्याला तिथूनच रामराम करा. आमच्याकडे मुख्य त्रास गुरांचा आणि डुकरांचा, गवे पलीकडच्या खोऱ्यात दिसतात पण आमच्या बाजूला अजून उतरलेले नाहीत, म्हणून आम्ही जाळी आणि वर दोन ओळी काटेरी तार असं धरलं.

जुन्या लोकांकडे यातलं काहीच नव्हतं आणि तरी आगरं राखली जायची. जांभ्याच्या दगडांचा बिनचुन्याचा गडगा, त्यावर काट्यांची वई, आत जायला दोन खांबांच्या भोकांतून सरकवायचे आडवे बांबू म्हणजे बेडं. चांगला रचलेला गडगा पिढ्यानपिढ्या उभा राहतो, त्याला गंज नाही, वणव्याची भीती नाही, पाणी दगडांच्या फटीतून निघून जातं त्यामुळे मागे पाण्याचा दाब साठत नाही. आमच्या उत्तरेच्या बाजूचा गडगा अजून ठणठणीत आहे आणि तिथे आम्ही नवीन काही घातलंच नाही, ढासळलेली जागा तेवढी परत रचून घेतली. पण आता गडगा रचणारी माणसं कमी राहिलीत, आणि वई दरवर्षी नव्याने घालावी लागते, गावात माणूसच नाही तर घालणार कोण. तरी ज्यांच्याकडे जुना गडगा आहे त्यांनी तो मोडून त्याचे दगड कामाला वापरू नका, हात जोडून सांगते. ठेकेदार सुचवतात, कारण त्यांना सरळ लाइन मिळते आणि दगड फुकट.

लाकडी खांबांचा विचार बरेच जण करतात, आपल्याच रानातलं लाकूड म्हणून स्वस्त. पण खैर, ऐन, किंजळ ही झाडं स्वतःच्या जमिनीतली असली तरी तोडायला वनखात्याची परवानगी लागते, आणि वाळवी सोडत नाही. शिवाय वणवा. फेब्रुवारीपासून मे पर्यंत सड्यावरचं वाळकं गवत कधी पेटेल सांगता येत नाही, एका रात्रीत लाकडी खांब कोळसा. त्याच कारणाने प्लॅस्टिक कोटिंगवाली हिरवी जाळी मी नाकारली. दिसायला छान, खारी हवा लागत नाही म्हणतात ते बऱ्यापैकी खरं, पण वणव्यात कोटिंग वितळतं, आणि जिथे जाळी कापली किंवा ओरबाडली तिथून पाणी आत शिरून कोटिंगच्या खाली गंज चालू होतो जो बाहेरून दिसत पण नाही. बंगल्याच्या अंगणाला ठीक आहे ती, सड्याला नको.

मग राहतात सिमेंटचे पोल आणि लोखंडी अँगल. अँगल हलके, एक माणूस दोन घेऊन चढ चढतो, कातळात बसवायला सोपे. पण समुद्र जवळ असेल तर गंज पटकन धरतात, नुसता रेड ऑक्साइड मारलेला अँगल किनारपट्टीला घेऊच नका, गॅल्व्हनाइज्ड म्हणजे जस्त चढवलेला घ्या आणि साइटवर जिथे कापतील किंवा होल मारतील तिथे झिंकचा स्प्रे मारून घ्या, कारण कापलेल्या तोंडावर जस्ताचा थर राहत नाही. सिमेंटचे पोल जड, वाहून न्यायचा खर्च येतो, पण वणव्याला आणि वाळवीला पुरून उरतात. फक्त पोल कुठून येतायत ते बघून या. आम्ही प्रत्यक्ष यार्डात गेलो. एका ठिकाणी पोल अजून ओलसर काळपट होते, आदल्या आठवड्यात ओतलेले, आणि तो म्हणे परवा गाडी भरतो. काँक्रीटला त्याची ठरलेली ताकद यायला २८ दिवस धरतात, त्याआधी टेम्पोत आदळआपट झाली की मधे केसासारखी चीर जाते, दिसत नाही, आणि पावसाचं पाणी त्या चिरेतून सळईपर्यंत पोचलं की सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. दुसऱ्या यार्डात पोलवर ओतल्याची तारीख खडूने लिहिलेली होती, पाणी मारायची नीट सोय होती, पोलवर पहारीने टकटक केलं तर खणखणीत आवाज. तिथूनच घेतले. पोलच्या टोकाला सळई उघडी दिसत असेल तर तो पोल बाजूला काढायला सांगा, लाजायचं काही कारण नाही, पैसे आपले आहेत.

आता तार, आणि इथे सगळ्यात जास्त गोंधळ घालतात लोक. गेज म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर, आणि तो आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हे आधी डोक्यात पक्कं करा. ८ गेज म्हणजे साधारण ४ मिलिमीटर, १० गेज सव्वातीन, १२ गेज २.६ आणि १४ गेज २ मिलिमीटर. ऐकायला फरक किरकोळ वाटतो पण १० गेजची तार १२ गेजपेक्षा दीडपट जड असते, म्हणजे लोखंड दीडपट, म्हणून किंमतही. ठेकेदार तोंडी “दहाची जाळी” म्हणतो आणि येते ती अकराची नाहीतर बाराची, नुसत्या डोळ्यांना कळत नाही. यावर साधा उपाय आहे. जाळीच्या बंडलातली एक तार सोडवून घ्या, हातोडीने ठोकून सरळ करा, बरोबर एक मीटर कापा आणि किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. १० गेज असेल तर ६५ ग्रॅमच्या आसपास, १२ गेज असेल तर ४३, आणि ८ गेज असेल तर शंभरच्या थोडं वर. आम्ही हे लांज्याला दुकानातच केलं, दुकानदार आधी जरा वैतागला, पण दोन प्रकारच्या बंडलांतली तार ठेवून बघितल्यावर एका बंडलाचं वजन जेमतेम ५३ भरलं, जे चिठ्ठीवर १० गेज म्हणून आलेलं होतं. मग त्यानेच ते बंडल बाजूला ठेवलं आणि मागून दुसरं काढलं. व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, असेल तर अजून सोपं.

जस्ताचं तसं घरी मोजता येत नाही. गॅल्व्हनाइज्ड म्हणून सगळंच विकतात, पण वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या तारेवर थर जाड असतो आणि विजेने चढवलेला थर पातळ, तो पातळ थर दुकानात जास्त चकचकीत दिसतो म्हणून लोक फसतात. बिलावर ‘हॉट डिप’ आणि दर चौरस मीटरला किती ग्रॅम झिंक म्हणजे जस्त हे लिहून मागा. चेन लिंक जाळीसाठी आयएस २७२१ आणि काटेरी तारेसाठी आयएस २७८ ही मानकं आहेत, कंपनीचं टॅग असलेलं बंडल घ्या आणि टॅग जपून ठेवा. बिल पक्कं घ्या, १८ टक्के जीएसटी जड जातो हे मान्य, पण बिल नसेल तर सहा महिन्यांनी तार लाल झाल्यावर तुम्ही कोणाला जाऊन विचारणार?

एक बारीकशी गोष्ट जिच्याकडे कोणाचंच लक्ष जात नाही, ती म्हणजे बांधायची तार. जाळी उत्तम, पोल उत्तम, आणि जाळी पोलला बांधली कशाने तर सेंट्रिंगवाले सळया बांधायला वापरतात त्या काळ्या बाइंडिंग वायरने. ती दोन पावसाळ्यांत कुजून हातात येते आणि जाळी पोलवरून सुटून लोंबायला लागते. जीआय, म्हणजे जस्त चढवलेली, बाइंडिंग वायर घ्या, अख्ख्या कामात तिचा खर्च नगण्य आहे. तसंच जाळीच्या वरून, मधून आणि खालून सरळ जाड तार ओवून ती ताणलेली पाहिजे, जाळी स्वतःच्या जोरावर ताठ राहत नाही.

आता खड्डे. सात फुटी पोल, दोन फूट जमिनीत, पाच फूट वर, दोन पोलांत आठ ते दहा फुटांचं अंतर. एकर जर चौरस असेल तर घेर ८३५ फुटांच्या आसपास भरतो, दहा फुटांवर धरले तर ८४ पोल आणि आठ फुटांवर १०५. पण कोकणात चौरस एकर कोणाला मिळालाय, शंभर फुटांची लांबट पट्टी असेल तर तेवढ्याच एकराचा घेर १०७० फुटांवर जातो, म्हणून “माझ्या चुलतभावाने एकराला एवढ्यात केलं” या हिशोबाला अर्थ नसतो, आधी घेर मोजा. फूट बाय फूट आणि दोन फूट खोल खड्डा म्हणजे दोन घनफूट. सिमेंटच्या एका पोत्यात १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) प्रमाणाने साधारण तीन खड्डे भरतात, १:३:६ ने चार. म्हणजे ८४ पोलांना २१ ते २८ पोती, कोपऱ्याचे सपोर्ट वेगळे. एका ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये सगळ्या कामाला दहा पोती होती. मी विचारलं दादा हे कसं काय बसवता, तर म्हणाला खाली दगड टाकतो ना. दगड टाकायला हरकत नाही, पण त्याचा अर्थ अर्ध्याहून जास्त खड्डा मातीने भरणार असाच होतो.

ज्यांना शेवटी काम दिलं त्यांच्याशी वरच्या अंगाच्या खड्ड्यांवरून बराच वेळ बोलणं झालं.

“ताई, वर दोन फूट नाय जायाचा खड्डा. कातळ हाय, पहार वाजते नुसती.”

“मग दादा, फूटभर खड्ड्यात सात फुटी पोल उभा राहील का?”

“राहील की. पण गुरानं अंग घासलं की हलंल.”

“हलणारा नको मला. ब्रेकर आणला तर?”

“ब्रेकरनं जाईल, भाडं वेगळं पडंल. आणि जिथं तो पण टेकला तिथं मी सांगतो अँगल घ्या, कातळात होल मारूया, सिमेंटमधी बसवूया. चिऱ्याचा ओटा बांधूया भोवती. मंग हत्ती आला तरी नाय हलत.”

खरं सांगते, “राहील की” म्हटल्यावर लगेच पुढे “हलंल” असंही जो माणूस म्हणाला त्याच्यावर माझा तिथेच विश्वास बसला. शेवटी तसंच केलं, खालच्या अंगाला सिमेंटचे पोल, सड्याच्या कडेला जिथे ब्रेकरही टेकला तिथे गॅल्व्हनाइज्ड अँगल. दिसायला एकसारखं नाही, पण कातळात बसवलेला अँगल दोन्ही हातांनी धरून हलवून बघा, जागचा हलत नाही.

कोपऱ्यांचं अजून थोडं सांगते कारण कुंपण पडतं ते कोपऱ्यातून. तार ताणली की सगळा ओढा कोपऱ्याच्या पोलवर येतो, खाटेची नवार ताणल्यावर तो पायांवर येतो तसा. म्हणून कोपऱ्याला एका नाही तर दोन्ही दिशांना तिरपे सपोर्ट लागतात, आणि त्या सपोर्टच्या पायाला पण खड्डा आणि काँक्रीट लागतं, नुसता जमिनीला टेकवलेला सपोर्ट म्हणजे नावापुरता. लांब सरळ लाइनमध्ये दर शंभर-दीडशे फुटांवर असाच दोन्हीकडून सपोर्ट दिलेला पोल हवा, आणि चढ-उतार जिथे बदलतो तिथे तर हवाच, नाहीतर खळग्यातला पोल तारेच्या ताणाने वर उचलला जातो. काँक्रीट भरल्यावर निदान आठवडाभर पाणी मारायचं आणि मगच तार ताणायची. ठेकेदाराला घाई असते कारण पोरं बसून राहतात, त्यांचा रोज चालू असतो, म्हणून आधीच बोलून ठेवा की तेवढ्यात गेटचं किंवा गडग्याचं काम काढू.

ठेकेदार निवडताना त्याचं नवं काम बघू नका, तीन-चार पावसाळे झालेलं काम दाखव म्हणा. तिथे गेल्यावर मालकाशी गप्पा मारण्याआधी सरळ कोपऱ्यात जाऊन उभे राहा, पोल आत झुकलाय का, तार सैल पडलीय का, बांधायची तार शिल्लक आहे का, जाळी खालून उचलली जातेय का. मालक भिडेखातर चांगलंच सांगतो, कुंपण भीड ठेवत नाही. आम्ही शहरातून मोठी फर्म आणायचा विचार केला होता, त्यांचं कोटेशन एकदम व्यवस्थित टाइप केलेलं, पण दुसऱ्या वर्षी एक पोल पडला तर ते एवढ्या लांब येणार आहेत का? गावातला किंवा बाजूच्या गावातला माणूस बाजाराच्या दिवशी भेटतो, काका त्याला हाक मारू शकतात, याची किंमत मोठी आहे. त्याला कातळ कुठे आहे आणि पऱ्याला पाणी कुठवर चढतं हेही माहीत असतं.

व्यवहार आम्ही असा ठेवला की तार, जाळी, सिमेंट आम्ही घेणार, पोल आम्ही घेणार, खड्डे, उभारणी, ताणणी, बांधणी त्यांची, मजुरी पोलवर आणि जाळीच्या फुटावर. सगळं मटेरियलसकट ठेकेदारावर सोडणं सोपं वाटतं पण मग गेज, झिंक, पोती यावर आपला हात राहत नाही. तुम्हाला गावी अजिबात जाता येत नसेल तर सोडा त्याच्यावर, पण मग कोटेशनमध्ये तारेचं गेज, पोलची लांबी, खड्ड्याची खोली, काँक्रीटचं प्रमाण, सपोर्ट किती, बांधायची तार कोणती, कातळ लागला तर काय रेट, हे सगळं लिहिलेलं हवं. दोघांच्या सह्या. बाँडपेपरवर करा किंवा साध्या कागदावर करा, पण लिहा, लिहिलं की दोघांनाही नंतर त्रास होत नाही.

पैसे टप्प्याने. थोडा ॲडव्हान्स, खड्डे झाले की एक हप्ता, पोल उभे राहिले की एक, तार ताणली की एक, आणि दहा टक्के पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर. हे शेवटचं आधीच सांगायचं, काम झाल्यावर सांगितलं तर पैसे अडवल्यासारखं होतं. आणि एक गोष्ट मनापासून सांगते, ठेकेदाराला घासाघीस करून कोरडा करू नका. आमच्या बागेपर्यंत टेम्पो येत नाही, जड सिमेंटचे पोल दोघादोघांनी खांद्यावर घेऊन पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, वर आणलेत, चैत्रातल्या उन्हात. त्या वाहतुकीचे वेगळे पैसे त्यांनी मागितले नव्हते, काकांनी स्वतःहून दिले. मजुरांचा पगार आठवड्याच्या बाजाराला होतो, त्या दिवशी आपला हप्ता पोचला नाही तर ठेकेदार पोरांना तोंड दाखवू शकत नाही, आणि मग पुढच्या आठवड्यात पोरं दुसऱ्याच्या कामावर दिसतात.

वेळ कधीची धरायची तर दिवाळीनंतर ते जानेवारी सगळ्यात चांगली. मातीत ओल असते, खड्डा लवकर जातो, पऱ्याला पाणी असतं म्हणून काँक्रीटला आणि क्युरिंगला, म्हणजे नंतर त्यावर मारायला, विकत आणावं लागत नाही. पुढे शिमगा आला की आठ-दहा दिवस कोणी मिळत नाही, पालखी घरोघर फिरत असताना माणूस कामावर येईल अशी अपेक्षाच करू नये. त्यानंतर काजू, मग आंबा, सगळे हात तिकडे. मोजणीची तारीख उशिरा मिळाल्यामुळे आमचं काम शिमग्यानंतर सुरू झालं आणि पाणी विकत आणावं लागलं, तो खर्च दिवाळीनंतरच्या कामात झालाच नसता. सुरुवात नारळ ठेवून, जागेच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घालून केली, काकांनी घातलं. ते करा. कामाला येणारी माणसंही मग त्या जागेला आपली मानून काम करतात असं मला वाटतं.

गेट बारा फुटी ठेवा, आज टेम्पो येत नसला तरी उद्या रस्ता झाला की पिकअप, जेसीबी आत गेलं पाहिजे. गेटचे खांब चिऱ्याचे आणि आत सळ्या घालून काँक्रीटचे, कारण गेटचं वजन रोज त्यांच्यावर लटकतं.

पऱ्या आडवा येत असेल तर त्याच्यावरून जाळी नेऊ नका. पहिल्याच मोठ्या पुरात पाला, फांद्या, ओंडके जाळीला अडकतात, पाणी तुंबतं आणि दोन्ही काठांचे पोल घेऊन जातं. काठावर दोन्हीकडे लाइन संपवून भक्कम पोल द्या आणि मधे सुट्ट्या लोंबत्या तारा किंवा बांबूचं लटकतं फाटक ठेवा, पुराबरोबर ते उचललं जातं आणि पाणी ओसरलं की परत जागेवर.

झटका मशीनबद्दल बरेच जण विचारतात. सोलरवरचं झटका कुंपण गव्याच्या भागात खरंच उपयोगी आहे, मशीन साधारण सेकंदाला एकदा अगदी क्षणभराचा जोराचा झटका तारेत सोडतं, जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. वनखात्याच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला ७५ टक्के अनुदानाची तरतूद आहे, तुमचं गाव त्यात बसतं का ते वनपालांकडे विचारून घ्या. पण हे कुंपण रोज बघणारा माणूस मागतं. पावसाळ्यात गवत वाढून तारेला टेकलं की सगळा झटका गवतातून जमिनीत उतरतो, आणि उन्हाळ्यात कातळ कोरडा ठक्क पडला की अर्थिंग लागत नाही, मग नुसती तार. अर्थिंगला कोळसा-मीठ घालून खड्डा करावा लागतो आणि त्यात पाणी ओतत राहावं लागतं. आणि घरच्या लाइटची तार सरळ कुंपणाला जोडणं हा झटका नव्हे, ती हत्या आहे. तो गुन्हा तर आहेच, पण अशा तारेला चिकटून शेतावर आलेला शेजारी, घरचंच पोर, गुराखी गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. कोणी ठेकेदार “रात्रीपुरता करंट सोडा” असं सुचवत असेल तर त्याला फाटकाबाहेर काढा.

आणि ज्यांचं बजेट आत्ता पूर्ण जाळीचं नाही त्यांनी निराश होऊ नका, पोल आणि पाच ओळी काटेरी तार आत्ता घाला, पण पोल आणि कोपरे असे भक्कम करा की पुढे त्यालाच जाळी मारता येईल. आणि तारेच्या आतून जिवंत कुंपण लावायला घ्या. सागरगोटा, चिलार, करवंद, ही सगळी आपल्या रानातलीच. सागरगोट्याचं बी फार टणक असतं, एका बाजूने खरखरीत दगडावर घासून कवच पातळ करायचं, मग रात्रभर पाण्यात भिजत घालायचं आणि जूनच्या पहिल्या पावसात फूट-दीड फुटावर दोन ओळींत लावायचं, दुसरी ओळ पहिलीच्या फटीत येईल अशी. शेर लावणार असाल तर हातात मोजे घाला, त्याचा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो, आणि लहान मुलं फिरतात त्या बाजूला तो लावूच नका. पोलांच्या मधे गिरिपुष्पाचे मनगटाएवढे जाड दांडे रोवले तर पावसात पटकन फुटतात, पाला आंब्याच्या आळ्यात खत म्हणून जातो. फक्त त्या खोडांना तार गुंडाळून बांधू नका, खोड जाड झालं की तार आत रुतते आणि झाड तिथेच वाळतं. आमचे पऱ्याच्या बाजूचे दांडे लावून झालेत, सड्याच्या कडेला कातळातल्या खळग्यांत माती भरून ठेवायचं काम दिवाळीनंतर काढतोय.